पुसून टाकलेल्या पस्तीस फ्रेम

फिल्म श्रेष्ठ की डिजिटल, हा वाद पुन्हा पेटला आहे. विशी-पंचविशीतली मुलं आजोबांच्या कपाटातून याशिका नाहीतर पेंटॅक्स शोधून काढतात, हजाराच्या घरात पैसे मोजून छत्तीसचं रीळ घेतात आणि ते धुवायला पुण्या-मुंबईच्या लॅबला कुरिअर करतात. २०२४ मध्ये तर पेंटॅक्सने नवाकोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या आदल्या वर्षी सोनीने सेकंदाला १२० फ्रेम टिपणारा डिजिटल कॅमेरा जाहीर केला होता. दोन्हीकडच्या मंडळींना वाटतं, खरी फोटोग्राफी आपल्याच बाजूला आहे.

मी फलटणला वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, स्टुडिओच्या डार्करूममध्ये वाढले आणि आज पोटापाण्याचं सगळं काम डिजिटलवर करते. फिल्मचा दाणा, तिचे रंग, हायपो रसायनाचा वास, यांच्यासाठी गळा काढण्याचं मला काही कारण दिसत नाही. फिल्मबरोबर एकच मोलाची गोष्ट आपल्या हातून गेली, आणि ती परत आणायला फिल्म लागत नाही. ती गोष्ट म्हणजे काँटॅक्ट शीट.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. धुऊन वाळलेल्या रिळाच्या सहा-सहा फ्रेमच्या सहा पट्ट्या कापायच्या. लाल दिव्यात आठ बाय दहाच्या कागदावर त्या ओळीने मांडायच्या, वर जाड काच ठेवायची, एनलार्जरचा उजेड काही सेकंद पाडायचा आणि कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा. मिनिटभरात छत्तीसच्या छत्तीस चित्रं मूळ आकारात, काढली त्याच क्रमाने, कडेच्या नंबरांसकट वर येतात. डोळे मिटलेला नवरदेव, हललेला हात, चुकलेलं एक्स्पोजर, त्यात काहीच लपत नाही. मे महिन्यात आमच्याकडे नळाचं पाणी तिशीच्या पुढे तापलेलं असायचं आणि डी-७६ डेव्हलपरला वीस अंश हवेत, म्हणून आबा बर्फाची लादी आणून घमेल्यात बाटल्या बुडवून ठेवायचे. एवढा खटाटोप करून निघालेली शीट ते भिंग लावून, लाल पेन्सिल हातात धरून वाचायला बसायचे. एका फ्रेमभोवती चौकट आखली जायची आणि मोठी प्रिंट तिचीच निघायची. बाकीच्या पस्तीस मात्र ते कुणाला फेकू देत नसत. ‘गिऱ्हाइकाला एक दाखवायचा, आपण छत्तीस बघायचे,’ असं त्यांचं म्हणणं असे.

त्या छत्तिसांत फोटोग्राफर कुठे उभा होता, कुठून कुठे सरकला, कशाला भुलला, कधी थांबला आणि कोणत्या क्षणी त्याला आपला फोटो सापडला, हे सगळं दिसतं. ज्याला आपण दृष्टी म्हणतो ती एका सुट्या चित्रात पुरती दिसत नाही. एक चांगला फोटो योगायोगानेही मिळतो. काँटॅक्ट शीट योगायोगाने मिळत नाही.

डोरोथिया लँगचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो गाव, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांचा तळ, हनुवटीला हात लावून बसलेली आई आणि तिच्या खांद्यांआड तोंडं लपवलेली दोन मुलं. त्या भेटीतल्या पाच निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेल्या आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. लांबून घेतलेल्या चित्रात फाटका तंबू, खुर्चीवर बसलेली थोरली मुलगी, आजूबाजूचं सामान, असं सगळंच येतं. त्या कुटुंबाची गरिबी दिसते, पण नजर कुठे ठरत नाही. मग लँग जवळ जाते. थोरली मुलगी चौकटीबाहेर राहते, सामान बाहेर जातं, तंबूची फक्त कनात उरते. आईचं तोंड, तिचा हात आणि पाठमोरी मुलं एवढंच शिल्लक राहिलं तेव्हा तो फोटो झाला. कॅमेरा एकच, फिल्म एकच, उजेडही तोच. पहिल्या आणि शेवटच्या चित्रात पडलेलं अंतर लँगच्या पावलांनी आणि तिच्या निवडीने पडलेलं आहे.

हे काम ज्या सरकारी खात्यासाठी चाललं होतं, तिथल्या छायाचित्रण विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना पंचने भोक पाडायचा. माणसाच्या तोंडावर, शेतावर, आभाळावर, कुठेही. पुढे फोटोग्राफरांनी आरडाओरडा केला आणि ते थांबलं. भोकं पडलेल्या त्या निगेटिव्हही जपल्या गेल्या. त्यांच्यावरून आज अभ्यासक सांगू शकतात की त्या खात्याला अमेरिकेचं कोणतं चित्र हवं होतं आणि कोणतं नको होतं. आपल्या मोबाइलवरचं कचरापेटीचं बटण तेच काम करतं, फक्त भोक पाडायलाही काही मागे राहत नाही.

आता फिल्मवाल्या मित्रांशी माझं भांडण आहे ते सांगते. फिल्म खरी आणि डिजिटल खोटं, हे मला मुळीच मान्य नाही. त्याच ‘मायग्रंट मदर’मध्ये उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. लँगला तो खुपला आणि तिने १९३९ मध्ये तो निगेटिव्हवरच पुसवून घेतला. आमच्या स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून गालावरचे देवीचे व्रण घालवणं हे रोजचं काम होतं, आणि लग्न जमवायच्या फोटोसाठी लोक ते मागून घेत. स्टीव्ह मॅकरी या फोटोग्राफरला कोडॅकने कोडाक्रोम या फिल्मचं शेवटचं रीळ दिलं. त्यातल्या काही फ्रेम त्याने २०१० मध्ये आपल्या मुंबईत काढल्या. कोडाक्रोमचा इतका मोठा मानकरी, पण २०१६ मध्ये त्याच्याच फोटोंतून माणसं, खांब आणि गाड्या संगणकावर उडवल्याचं उघड झालं, आणि आपण वार्ताहर नाही, चित्रांतून गोष्ट सांगणारे आहोत, अशी भूमिका त्याला घ्यावी लागली. खरेपणा असतो तो फोटोग्राफरात. फिल्मच्या डब्यावर त्याची हमी मिळत नाही.

फिल्मच्या काळात ‘माझी दृष्टी’ म्हणून जे मिरवलं गेलं त्यातलं बरंचसं लॅबच्या यंत्राने ठरवलेलं होतं, हेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकात तालुक्या-तालुक्याला कलर लॅब आल्या. रीळ टाका, तासाभरात प्रिंट घ्या. यंत्र प्रत्येक फ्रेमची सरासरी काढून ती मध्यम उजेडाची करत असे. तिन्हीसांजेचा फोटो दुपारसारखा यायचा, काळं घोंगडं राखाडी व्हायचं. कातडीचा रंग बरोबर आला की नाही हे जुळवण्यासाठी कोडॅक लॅबना जे नमुना-चित्र पाठवत असे ते कितीतरी वर्षं गोऱ्या बाईचंच होतं. त्या कार्डाला ‘शर्ली’ म्हणत. त्याच्याशी जुळवलेल्या रंगात आमच्याकडच्या ऊसतोड बायकांचे चेहरे कसे यायचे ते मी पाहिलं आहे: एक तर चिखलासारखे काळे, नाहीतर उजेड वाढवून पिठासारखे पांढरे. सावळ्या रंगातली तकाकी यायचीच नाही. ती हवी असेल तर लॅबवाल्याच्या मागे उभं राहून पुन्हा प्रिंट काढून घ्यावी लागे.

आज तेच काम मोबाइलमधला प्रोग्राम करतो, आणि जास्त बेमालूम करतो. रात्रीचा फोटो काढताना तो अनेक फ्रेम एकावर एक रचतो, आभाळ उजळतो, सुरकुत्या पुसतो, रंग उजळ करतो. न मागता. तेव्हा विचारायचं असेल तर फोटो कशावर काढला हे विचारू नका, त्यातलं कुणी ठरवलं ते विचारा. मी ज्या मुलांना फोटोग्राफी शिकवते त्यांना सांगते, सौंदर्य मोड पहिल्यांदा बंद करा. आईचा रंग कंपनीच्या माणसांना ठरवू देऊ नका.

डिजिटलचे उपकार मी विसरत नाही. रात्रीच्या कीर्तनात, एका बल्बच्या उजेडात, फ्लॅश न मारता बुवांचा हात आणि मागच्या टाळकऱ्यांचे डोळे टिपता येतात. फिल्मवर हे जमवताना चारशेची फिल्म सोळाशेपर्यंत ताणावी लागे आणि सावल्यांत नुसता कोळसा राहत असे. त्याहून मोठी गोष्ट पैशाची. माझ्या रविवारच्या वर्गात शेतमजुरांच्या मुली येतात, घरातल्या एकुलत्या एक मोबाइलवर शिकतात. रीळ विकत घेऊन, धुऊन, स्कॅन करून शिकायची अट असती तर त्यातली एकही इथवर पोचली नसती. फिल्मच्या ‘शिस्ती’चं कौतुक करताना ती शिस्त कुणाला परवडत होती, हेही बोललं पाहिजे. डार्करूममध्ये मी शिकले कारण डार्करूम वडिलांची होती.

मोठ्या फोटोग्राफरांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. रघु राय यांनी चार दशकांच्या आसपास फिल्मवर काम केलं आणि २००३ मध्ये मुंबईत एका मासिकाच्या कामासाठी डिजिटल कॅमेरा हातात घेतला. त्यानंतर आपल्याला फिल्मकडे परतता आलं नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. त्यांच्या नजरेचं काही बिघडलं नाही. ब्राझीलच्या सेबास्तियाओ साल्गादोंचं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं. १९९५ मध्ये त्यांनी चर्चगेट स्टेशनचा जो फोटो काढला तो मुंबईकरांनी जरूर पाहावा. दोन्ही बाजूंना लोकल स्थिर उभ्या, मधल्या फलाटावरून लोकांचा लोंढा, आणि शटर मुद्दाम सावकाश ठेवल्यामुळे माणसं धुरासारखी विरघळलेली. गर्दीचे फोटो सगळेच काढतात. गर्दीचा वेग दाखवायचा हे त्यांनी बटण दाबण्याआधी ठरवलं होतं. विमानतळांवरच्या क्ष-किरण तपासण्यांनी रिळं खराब होऊ लागली तेव्हा, २००८ मध्ये, तेही डिजिटलकडे वळले. पण पडद्यावर बघून निवड करायला त्यांनी नकार दिला. डिजिटल फोटोंच्या कागदावर काँटॅक्ट शीट काढून घ्यायच्या आणि भिंग लावून निवडायचं, ही जुनी पद्धत त्यांनी चालू ठेवली. फिल्म सोडली, शीट सोडली नाही. मी म्हणते ते नेमकं हेच.

आमच्या भागातलं सांगते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण फलटण तालुक्यात चांदोबाचा लिंब इथे होतं. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावतो, काही क्षणांत सगळं संपतं. आता तिथे शेकडो कॅमेरे असतात. अश्व दिसला की सगळ्यांची बोटं एकदम बटणावर बसतात आणि मशीनगनसारखा आवाज उठतो. अश्व गेला की सगळ्या माना खाली, पाठीमागच्या पडद्यावर. काय मिळालं ते बघायचं, नको ते तिथेच पुसायचं. आणि ज्या वेळी माना खाली असतात, त्याच वेळी समोर रिंगणातली खरी गोष्ट सुरू होते. अश्वाच्या टापांखालची माती उचलायला माणसं धावतात.

माझ्याकडे फिल्मच्या काळातली तिथली एक शीट आहे. वरच्या पट्ट्यांत नुसता अश्व आहे: लांब, जवळ, अर्धा कापलेला, धुळीत हरवलेला. मधल्या पट्टीत चौकट खाली झुकू लागते; पाय दिसतात, पताकांच्या काठ्या दिसतात. मग डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक म्हातारी कडेला येते. पुढच्या फ्रेममध्ये ती मधोमध आहे, वृंदावन एका हाताने सावरत खाली वाकलेली. त्यापुढे मीही खाली बसलेली आहे, कारण क्षितिज वर गेलेलं दिसतं. शेवटच्या पट्टीत मातीवरचा तिचा पंजा आहे, चिमूट आहे, आणि कपाळाकडे निघालेला हात आहे. आबांनी लाल चौकट आखली ती पंजाच्या फ्रेमला. मला त्या वेळी कपाळाकडे निघालेला हात अधिक आवडला होता. आज मला वाटतं दोघांच्याही नजरेतून सुटलेली एक फ्रेम सर्वांत चांगली आहे: म्हातारी अजून वाकलेली नाही, फक्त मातीकडे बघते आहे. रिंगणाच्या त्या धुळीत उभ्या उभ्या मला निवड करायला लावली असती, तर ती फ्रेम आज नसती.

निवड नेहमी उशिरा पक्की होते. काढताना आपण जे शोधत असतो त्याच्याच चष्म्यातून पडदा बघतो, आणि नेमकं जे शोधत नव्हतो ते पुसून टाकतो. याचा सर्वांत गाजलेला दाखला राजकारणातला आहे. १९९८ मध्ये बिल क्लिंटन आणि मोनिका लेविन्स्की प्रकरण बाहेर आलं तेव्हा डर्क हॉलस्टेड या फोटोग्राफरने आपल्या जुन्या पेट्या धुंडाळून घेतल्या. १९९६ च्या एका निधी-संकलन कार्यक्रमात गर्दीतल्या एका मुलीला अध्यक्ष मिठी मारताहेत, अशी एक पारदर्शिका त्यात निघाली. ती ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर गेली. त्या कार्यक्रमाला इतरही फोटोग्राफर हजर होते. ज्यांनी डिजिटलवर काम केलं होतं त्यांनी ती ‘बिनमहत्त्वाची’ चित्रं केव्हाच पुसली होती.

आणि घरचे फोटो? बारशाच्या शंभर फोटोंतले नव्वद आपण पुसतो: बाळ रडतंय, आजीचं लक्ष भलतीकडे, मागे कुणीतरी भांडी घासतंय. पंचवीस वर्षांनी ती भांडी घासणारी आत्याच शोधावीशी वाटते. आबांच्या पाकिटांतल्या नापसंत पट्ट्या बघायला आजही माणसं माझ्याकडे येतात. कुणाला वडिलांची जुनी सायकल हवी असते, कुणाला पडलेल्या वाड्याचा दरवाजा. चौकटीतल्या फोटोत ते नसतं.

मजा अशी की डिजिटलला काँटॅक्ट शीट फिल्मपेक्षा कितीतरी सोपी आहे. क्रम आपोआप राहतो, प्रत्येक फ्रेमवर सेकंदासकट वेळ नोंदलेली असते, साठवायला खर्च जवळपास नाही. फिल्मने जे नाइलाजाने जपलं ते इथे फुकट जपता येतं. तरी आपण ते रोज स्वतःच्या हाताने पुसतो आणि वर तक्रार करतो की हल्ली फोटोंत विचार दिसत नाही. विचार ज्यात दिसला असता ते आपण ठेवलंच नाही.

शिकवताना मी एक नियम घालून दिला आहे: विषय संपेपर्यंत काढलेले फोटो उघडून बघायचे नाहीत, आणि घरी जाईपर्यंत एकही फोटो पुसायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात मुली सगळे फोटो छोट्या आकारात, काढलेल्या क्रमाने, एका कागदावर छापून आणतात. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात हे काम होतं. त्या कागदावर आम्ही बोलतो. इथे तू मागे का सरकलीस? इथे तुला काय दिसलं होतं? हा उजेड बघून थांबलीस की योगायोगाने? महिनाभरात फोटो कमी होऊ लागतात आणि नीट होऊ लागतात. कुणी त्यांना सांगत नाही की कमी काढा. स्वतःची भटकंती कागदावर दिसली की माणूस आपणहून आधी बघायला लागतो, मग बटण दाबतो.

संदेश भंडारे यांचं तमाशावरचं काम, सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम, ही माझ्या मते मराठी मुलखातल्या फोटोग्राफीची मोठी कमाई आहे. अशा कामात एखादं चित्र सुटं उभं राहत नाही. वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे परत जाण्याचा निश्चय त्यामागे असतो. कुठल्या कॅमेऱ्याने काढले, हा प्रश्न ते फोटो बघताना मनात येतच नाही. पण आपल्या स्पर्धा मात्र अजून एका सुट्या, चकचकीत फोटोला बक्षीस देतात. भिजलेला घोडा, उधळलेला भंडारा, सुरकुतलेला म्हातारा. परीक्षक म्हणून बसल्यावर समोरचा फोटो विचाराने आला की सेकंदाला वीसच्या माऱ्यात सापडला, हे कळायला मार्ग नसतो. आता तर तो कॅमेऱ्याने काढला की यंत्राने बनवला, हेही कळत नाही. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने यंत्राने बनवलेलं चित्र सोनीच्या जागतिक स्पर्धेत पाठवलं, त्याला बक्षीस जाहीर झालं, आणि ते नाकारून त्याने स्वतःच खरं काय ते सांगितलं. सगळेच असं सांगतील याची काही खात्री नाही.

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त जिल्ह्याजिल्ह्यांत स्पर्धा भरतात. त्या भरवणाऱ्या मंडळांना, कला महाविद्यालयांना आणि वृत्तपत्रांना माझी विनंती आहे: नियमावलीत एक कलम वाढवा. स्पर्धकाने निवडलेल्या फोटोबरोबर त्याच्या आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा फ्रेम, काहीही न पुसता, एका कागदावर छापून द्याव्यात. फिल्म असो, डिजिटल असो की मोबाइल, सगळ्यांना तोच नियम. परीक्षकांनी आधी तो कागद बघावा आणि मग फोटो.